वयात आलेली मुले आणि आपण
(वर्धापनदिनी झालेले भाषण)



आजच्या आनंदाच्या दिवशी असला विषय कशाला, असे दोघीतिघींनी मला आधीच सुचविले होते. तरी मी तोच घेतला आहे, कारण तो टाळण्याचा अपराध माझ्या हातून एकदा घडलेला आहे.

माझ्या भाचीने सोळाव्या वर्षी जिवाचे बरेवाईट करून घेण्याचा प्रयत्न केला. (हे तिच्या संमतीनेच सांगत आहे.) ती वाचली. ‘परीक्षा चुकवायचे नाटक’ असे म्हणून घरातल्या साऱ्यांनी, मीसुद्धा, त्यावर पडदा टाकला. असा एक प्रयत्न होऊन जाणे हीच पुढच्या धोक्याची सर्वांत मोठी खूण होय, हे आम्हांला कुठले ठाऊक! आठ महिन्यांनी तिने पुन्हा तेच केले. तेव्हा कुठे आम्ही तिला मनोविकारतज्ज्ञांकडे नेले. आज ती नोकरी करते. बरी झाल्यावर मला म्हणाली, “मावशी, कोणी काही विचारील म्हणून मी वाट पाहत होते.”

२०२२ साली देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्याची सरकारी नोंद आहे. सर्वांत अधिक आपल्या महाराष्ट्रात. ‘नापास झाल्याने’ एवढे छापून वर्तमानपत्रे मोकळी होतात. पण कारण एकच असे क्वचितच असते. महिनोन् महिने मनात साचलेले औदासीन्य, घरातली दारू आणि मारहाण, शाळेतली छळवणूक, ओळखीच्याच माणसाने केलेला अत्याचार, जो मूल कोणाला सांगू शकत नाही, हे सारे आधीपासून असते. निकाल हे निमित्त. त्यातून हे वय उतावळे. ती एक घटका टळली, की पुष्कळदा जीव वाचतो. म्हणून औषधे आणि घातक वस्तू कुलपात असाव्यात.

“तुला जगणे नकोसे झाले आहे का?” असे सरळ विचारल्याने मुलाच्या डोक्यात तो विचार भरत नाही. उलट त्याला मोकळे वाटते. उत्तर ‘हो’ आले, तर रागावू नका, शपथा घालू नका, त्याला एकटे सोडू नका, आणि डॉक्टरांकडे न्या. पोलिसांची भीती बाळगण्याचेही कारण नाही. असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असे मानून २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने त्याला शिक्षेतून वगळले आहे.

सरकारच्या ‘टेली-मानस’ सेवेचा क्रमांक १४४१६. फोन फुकट लागतो, रात्री-अपरात्रीही, आणि मराठीतून बोलता येते. मंडळाच्या फळ्यावर तो मी आजच लिहून ठेवला आहे. जाताना उतरून घ्यावा.