आवाजाचा संसार

(मंडळाच्या वर्धापनदिनानिमित्त झालेले भाषण, बोलले तसेच, थोडे आटोपशीर करून)



माहेरवाशिणीला बोलावून तिची ओटी भरावी हा आपला रिवाज. तुम्ही मात्र मला बोलावून माझ्यापुढे ध्वनिक्षेपक ठेवलात. ठीकच केलेत. गेली पंचवीस वर्षे मी त्याच्यासमोर उभी राहूनच पोट भरते. एरवी माझ्यापुढे दुसऱ्याने लिहिलेला कागद असतो आणि तोंडात दुसऱ्याची वाक्ये असतात. आज प्रथमच माझी स्वतःची वाक्ये बोलायची आहेत, म्हणून थोडी धाकधूक वाटते.

माझा धंदा काय, असे येथे आल्यापासून चार जणींनी विचारले. "सिनेमात असतेस, तर दिसत का नाहीस?" हा प्रश्न रास्तच आहे. परभाषेतले चित्रपट, मालिका, मुलांची व्यंगचित्रे आपल्या भाषेत आणताना पडद्यावरच्या माणसाच्या तोंडी आपला आवाज घालावा लागतो. त्याला डबिंग म्हणतात. शिवाय जाहिराती, माहितीपट, फोनवरच्या सूचना, गोष्टींची श्राव्य पुस्तके, हेही काम असते. चेहरा दुसऱ्याचा, मजकूर तिसऱ्याचा, आणि आवाज आमचा.

हा व्यवसाय काही कालचा नव्हे. तुमच्यातल्या वडीलधाऱ्या बायकांना मुंबई आकाशवाणीवरचा 'प्रपंच' आणि पुढचा 'पुन्हा प्रपंच' आठवत असेल. प्रभाकर जोशींचे पंत, नीलम प्रभूंच्या मीनावहिनी आणि बाळ कुडतरकरांचे टेकाडे भावजी. या तिघांना घराघरांत माणसे नात्याने ओळखत. पण ती रस्त्यात समोर आली असती, तर किती जणांनी ओळखली असती? अमीन सायानींचेही तसेच. १९५२ साली रेडिओ सिलोनवर 'बिनाका गीतमाला' सुरू झाली, तेव्हा त्यांना आठवड्याला पंचवीस रुपये मिळत, असे ते सांगत. त्यांच्या मातोश्री कुलसुम सायानी प्रौढ साक्षरतेच्या कार्यकर्त्या. नवशिक्या वाचकांसाठी त्या 'रहबर' नावाचे पत्र तीन लिप्यांतून काढीत, आणि लहानगा अमीन त्यात त्यांना मदत करी. सोपे, सर्वांना कळेल असे बोलण्याचा धडा त्याला घरातच, आईच्या कामातून मिळाला. महिला मंडळात ही गोष्ट अवश्य सांगावी, म्हणून सांगितली.

आता माझा दिवस कसा जातो ते सांगते. पहाटे पाच वाजता उठते. उठल्याबरोबर मोठ्याने बोलत नाही. तोंड मिटून थोडा वेळ नुसते गुणगुणते. रात्रभर निजलेला गळा आहे. त्याला हाक मारून नव्हे, थोपटून उठवावे लागते. मग कोमट पाणी, आणि वर्तमानपत्राचा एक परिच्छेद एका श्वासात वाचणे. घरची माणसे म्हणतात, आमच्याकडे बातम्या धापा टाकीत येतात!

पथ्यपाणी पुष्कळ. बर्फाचे पाणी नाही, कामाच्या आदल्या रात्री तळकट नाही. खानदेशच्या लेकीला सर्वांत जड जाते ते ठेचा सोडणे. मेहरूणची बोरे कुणी आणली की मी ती नुसती डोळ्यांनी खाते. मात्र उपाशीपोटीही जाता येत नाही, कारण पोटात गुरगुरले तर माईक ते इमानेइतबारे टिपून घेतो. म्हणून निघताना कळण्याची अर्धी भाकरी खाऊन निघते. तोंडात चिकटा येऊन बोलताना बारीक टकटक आवाज येऊ लागले, तर आंबट सफरचंदाची एक फोड खायची, ही आमच्या धंद्यातली जुनी युक्ती.

स्टुडिओच्या दारात बांगड्या उतरवते. माझ्या सासूबाईंना हे फार वर्षे रुचले नाही. शेवटी एकदा त्यांना बरोबर नेले आणि बांगड्यांचा नुसता किणकिणाट यंत्रावर ऐकवला. तेव्हापासून त्या स्वतःच विचारीत, "बांगड्यांची डबी घेतलीस ना?" रेशमी साडीही चालत नाही, ती सळसळते. आम्ही सुती नेसतो. खोली बंद, यंत्रांसाठी थंडगार, म्हणून शाल जवळ ठेवायची.

समोर पडद्यावर चित्र, कानांत मूळ भाषेतले बोलणे, हातात मराठी किंवा हिंदी संवाद. पूर्वी चित्रपटाचा एकेक तुकडा पुन्हा पुन्हा फिरवीत आणि सारे कलावंत एकाच माईकभोवती उभे राहत. आता बहुतेक वेळा एकेकटीचे ध्वनिमुद्रण होते. मी ज्याच्याशी भांडते तो नवरा आठ दिवसांनी येऊन त्याचे भांडण पुरे करतो. असे संसार आपल्यापैकीही काही जणींना परिचयाचे असतील!

खरी कसोटी ओठांची. प, फ, ब, भ, म म्हणताना ओठ मिटतात. पडद्यावर ओठ मिटले तेथे यांतलेच अक्षर आले पाहिजे, नाहीतर प्रेक्षकाला काहीतरी खटकते. एकदा एका इंग्रजी चित्रपटात मुलगी आईला हाक मारते असा प्रसंग होता. 'मदर' म्हणताना ओठ प्रथम मिटतात. आपल्या 'आई'त ते मिटतच नाहीत. सगळे विचारात पडले. मी म्हटले, "आमच्या खानदेशात 'माय' म्हणतात." लावून पाहिले, तर चपखल बसले. त्या दिवशी माझ्या आजीची अहिराणी त्या काचेच्या खोलीत ताठ मानेने उभी राहिली, असे मला वाटले.

एरवी अहिराणीच्या वाट्याला तेथे मान येत नाही. मोलकरीण, अडाणी, विनोदी बाई असली की सांगतात, "जरा गावाकडचे बोला." कोणते गाव? खानदेशातले, कोकणातले, की वऱ्हाडातले? त्यांना सगळे सारखेच. मी हल्ली नम्रपणे विचारते, की ही बाई जर डॉक्टरीण असती, तर तिच्या तोंडी 'शे' शोभला नसता का? काही जण हसतात, काही विचार करतात. विचार करणारे थोडे वाढले आहेत, एवढे खरे.

मुलांची कामे बहुधा बायका करतात. पुरुषाच्या स्वरतंतूंची कंपने सेकंदाला साधारण शंभर-सव्वाशे, बाईची दोनशेच्या आसपास, आणि मुलांची त्याहून जास्त. शिवाय मुलगा वयात आला की त्याचा आवाज फुटतो, आणि मालिका तर वर्षानुवर्षे चालते. जपानमध्ये 'डोरेमॉन'चा आवाज नोबुयो ओयामा या बाईंनी १९७९ पासून २००५ पर्यंत दिला. आपल्याकडेही मेघना एरंडे यांच्यासारख्या कलावतींनी कितीतरी चित्रपात्रांना बोलके केले. मीही दहा वर्षांचा खोडकर मुलगा झाले आहे, आणि त्याच दिवशी संध्याकाळी सत्तरीची म्हातारी. किंकाळ्या आणि रडणे शेवटी ठेवतात, कारण त्यानंतर गळा दुसऱ्या कामाचा राहत नाही. घरी जाताना भाजीवालीला "मेथी कशी दिली?" म्हणून विचारले, की ती घाबरून स्वस्तात देते.

मिळकतीचे म्हणाल, तर एखाद्या महिन्यात पंधरा दिवस काम, एखाद्यात दोनच. पैसे वेळेवर येतातच असे नाही. एका ठिकाणी केलेल्या कामाचे पैसे मला आठ महिन्यांनी मिळाले. म्हणून घरखर्चाला बांधीव मिळकत एक आणि माझी एक, असे धरूनच आम्ही चालतो. ज्या मुलींना या वाटेने यायचे असेल, त्यांनी हे आधी ऐकून ठेवावे.

आता माझ्या छंदांविषयी. ते जरा विक्षिप्त आहेत, असे घरातल्यांचे मत. एक म्हणजे मी झाकणे जमविते. पितळी, जर्मनची, मातीची. कोणते झाकण कोणत्या भांड्यावर कसे वाजते, याची मला गोडी आहे. दुसरा, बिघडलेले जुने रेडिओ आणून उघडणे. दुरुस्त होतात थोडे, उघडे राहतात फार. आणि तिसरा, आवाजांची वही. फलाटावरचा चहावाला कसे ओरडतो, भंगारवाला शेवटचे अक्षर किती लांबवितो, कल्हईवाला आता का ऐकू येत नाही, हे मी तारीख घालून टिपते. चाळीसगावच्या स्टेशनाची त्या वहीत अकरा पाने आहेत. धुळ्याची गाडी लागली की येथल्या आरडाओरड्याला एक वेगळाच ताल येतो, हे तुमच्या ध्यानात आले आहे का?

असले छंद उगाच वाया जात नाहीत. जुने रेडिओ-नाटकवाले नारळाच्या दोन करवंट्यांनी घोडा पळवीत, आणि मक्याच्या पिठाची पुरचुंडी दाबून बर्फावर माणूस चालवीत. आपल्याच गावच्या केकी मूसांनी दुसरे काय केले? जन्म मुंबईचा, १९१२ चा. पण आयुष्य काढले ते स्टेशनजवळच्या आपल्या बंगल्यात, बहुतेक सारे दाराआड. टेबलावर रोजच्या साध्या वस्तू मांडून, त्यांवर प्रकाश पाडून ते डोंगर, बर्फ आणि वादळे यांची छायाचित्रे घेत. त्यांच्या कलेला देशोदेशीची पारितोषिके मिळाली. १९८९ च्या अखेरच्या दिवशी ते गेले. लोक त्यांना विक्षिप्त म्हणत. ते कलादालन आज आपल्या गावाचे भूषण आहे. तेव्हा भगिनींनो, घरातली एखादी मुलगी दगड जमवीत असेल, पक्ष्यांच्या नकला करीत असेल, तर तिला लगेच "काय हे खूळ" म्हणू नका. थोडी वर्षे वाट पाहा.

आणि "हळू बोल, बाईच्या जातीला शोभत नाही," हेही म्हणू नका. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या दहा मुलींत सात-आठ जणींचा आवाज घशातच अडकलेला असतो. गळ्यात दोष नसतो. तो लहानपणी दाबलेला असतो. तो मोकळा करायलाच माझे पहिले सहा महिने जातात.

आता एक गंभीर गोष्ट. अलीकडे संगणक माणसाच्या आवाजाची हुबेहूब नक्कल करू लागला आहे. थोड्याशा ध्वनिमुद्रणावरून तो तुमच्या आवाजात तुम्ही कधी न बोललेले बोलतो. २०२४ साली गायक अरिजित सिंह यांना अशा नकलेविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात जावे लागले, आणि न्यायालयाने त्यांच्या आवाजाला अंतरिम संरक्षण दिले. त्याच वर्षी अमेरिकेत व्हिडिओ-खेळांना आवाज देणाऱ्या कलावंतांनी याच प्रश्नावर संप केला. परंतु नामवंतांना वकील मिळतो, आमच्यासारख्यांचे काय?

मलाही एकाने बोलाविले होते. कथा नाही, पात्र नाही. नुसती सुटी सुटी हजारो वाक्ये वाचायची. पैसे बरे होते आणि त्या महिन्यात घरात गरज होती. सहीचा कागद आला, त्यात लिहिलेले, की हा आवाज कायमचा, कोणत्याही कामासाठी, कोठेही वापरता येईल. मी विचारले, "म्हणजे उद्या माझ्या आवाजात कुणाला शिव्या दिल्या, खोटे औषध विकले, तरी मी बोलायचे नाही?" उत्तर मिळाले नाही. मी सही केली नाही. पुष्कळ जणींनी केली असेल. त्यांना मी नावे ठेवणार नाही. चूल प्रत्येकीला पेटवावी लागते. पण कागद वाचल्याखेरीज सही करू नये. काम कोणते, किती काळासाठी, कोणत्या भाषेत, आणि यंत्राला शिकविण्यासाठी आवाज वापरणार का, ही चार उत्तरे लेखी घ्यावीत. शेताच्या सातबाऱ्यावर सही करताना आपण जितके जपतो, तितकेच येथे जपावे.

तुम्ही म्हणाल, आमच्या आवाजाला कोण विचारतो? येथेच मला आपल्या बहिणाबाईंची आठवण होते. आसोद्याची लेक, जळगावची सून. अक्षरओळख नव्हती. घरकाम, शेतकाम करताना गाणी रचली आणि म्हटली. मुलगा सोपानदेव आणि मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी ती टिपून ठेवली, म्हणून राहिली. १९५१ साली बहिणाबाई गेल्या, आणि १९५२ साली आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक निघाले. आज त्यांचे नाव विद्यापीठाला आहे. शब्द आपल्याला मिळाले. पण त्या कशा म्हणत होत्या, कोठे थांबत, कोणते अक्षर ओढीत, हे ध्वनीच्या रूपाने आपल्यापाशी नाही.

पुढे हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांच्या जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या जमविल्या, त्यांतल्या पुष्कळ आवाजासह. तसे काम आपल्याला आपल्या गल्लीपुरते का करता येऊ नये? आज प्रत्येक घरात फोन आहे, आणि त्यात ध्वनी टिपण्याची सोय आहे.

म्हणून मंडळाला माझी विनंती आहे. पुढच्या वर्धापनदिनापर्यंत प्रत्येक सभासद बाईने आपल्या घरातल्या किंवा शेजारच्या एका वृद्ध बाईचा आवाज टिपून ठेवावा. ओवी असो, अंगाई असो, नाहीतर पापडाचे पीठ कसे भिजवावे हे का असेना. अहिराणीत असेल तर फारच उत्तम. पंखा बंद करावा, कुकर उतरवून ठेवावा, फोन तोंडापासून वीतभर अंतरावर धरावा. आधी त्यांचे नाव, गाव आणि तारीख म्हणवून घ्यावी. आणि त्यांची परवानगी विचारल्यावाचून ते कोणाला पाठवू नये. आवाज त्यांचा आहे. मंडळाच्या कपाटात या वर्षीच्या हिशेबाच्या वह्यांशेजारी या आवाजांचीही एक पेटी असू द्या. ती लावून देण्याचे, नावे घालून नीट ठेवण्याचे काम मी करीन. त्यासाठी दिवाळीनंतर आठ दिवस माहेरपणाला येईन.

मात्र तोवर थांबू नका. दिवाळी दूर आहे, आणि काही जणींचे वय फार झाले आहे. आज घरी गेल्यावरच सुरुवात करा.