मालमत्ता कराच्या बिलातली एक ओळ

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा एपिसोड नेहमीप्रमाणे लिहून देतोय. थोडी काटछाट केलीय, पण बोलण्यातले 'म्हणजे' आणि 'ना' तसेच राहू दिलेत.

सुरुवात बेंगळुरूपासून. मी तिथे नोकरीला होतो तेव्हा आमचे घरमालक काहीही ऑनलाइन भरायचं असलं की मला हाक मारायचे. एकदा त्यांचा मालमत्ता कर भरताना बिलात एक ओळ दिसली: लायब्ररी सेस. म्हणजे ग्रंथालय उपकर. मला वाटलं काहीतरी गडबड आहे. ते म्हणाले, नाही रे, हा आम्ही कधीपासून भरतोय. मग मी डोंबिवलीला बाबांना फोन करून आपलं बिल काढायला लावलं. शिक्षण कर होता, वृक्ष कर होता. ग्रंथालयाचं नाव कुठेच नाही.

झाडांसाठी पैसे भरतो, पुस्तकांसाठी नाही. बरं, मग आपल्याकडची वाचनालयं चालतात कशावर? हा प्रश्न मला आधीच पडायला हवा होता, कारण माझी बारावी एका वाचनालयाच्या अभ्यासिकेत झाली. वन रूम किचन, पाच माणसं, संध्याकाळी सात ते दहा टीव्ही. दोन वर्षं रोज त्या लाकडी बाकावर बसलो. तिथलं लाइटबिल कोण भरतं, हे एकदाही विचारलं नाही.

आता थोडं मागे जाऊ. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे गाडी सुरू झाली, पुढच्याच वर्षी ती कल्याणला पोचली. त्यानंतर दहा वर्षांत, १८६४ साली, कल्याणच्या लोकांनी सार्वजनिक वाचनालय काढलं. ते आजही चालू आहे. रत्नागिरीचं तर १८२८ चं. त्या काळात अशा संस्थांना 'नेटिव जनरल लायब्ररी' म्हणायचे, आणि नाव 'नेटिव' असलं तरी भर बराचसा इंग्रजी पुस्तकांवर असायचा. ठाण्यात वि. ल. भावे आणि त्यांच्या सोबत्यांनी १ जून १८९३ ला मराठी ग्रंथ संग्रहालय सुरू केलं, ते खास मराठी पुस्तकांसाठी. हे तेच भावे, ज्यांनी पुढे 'महाराष्ट्र सारस्वत' हा मराठी साहित्याचा इतिहास लिहिला. मुंबईचं मराठी ग्रंथसंग्रहालय त्यानंतर पाच वर्षांनी आलं.

यात एक गोष्ट लक्षात घ्या. हे सगळं गावातल्या लोकांनी केलं. वर्गणी, देणगी, कुणी जागा दिली, कुणी कपाट. 'वाचनालय ही सरकारची जबाबदारी' हा विचार आपल्याकडे आधी आला तो संस्थानांत. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी अमेरिकेतली ग्रंथालयं बघितली आणि १९१० मध्ये तिथून विल्यम बॉर्डन नावाचा ग्रंथपालच बोलावून घेतला. गावाने एक हिस्सा जमवायचा, तेवढाच पंचायतीने आणि तेवढाच दरबाराने घालायचा, असा हिशोब. जिथे वाचनालय नाही तिथे लाकडी पेटीत पुस्तकं भरून पाठवायची. ऑफलाइन कॅशिंग म्हणा ना! कोल्हापूर संस्थानाने १९४५ मध्ये ग्रंथालय कायदा केला. मद्रासच्या कायद्याचं कौतुक सगळीकडे वाचायला मिळतं, पण तो १९४८ चा. कोल्हापूर तीन वर्षं पुढे होतं. पण १९४९ मध्ये संस्थान विलीन झालं आणि ती गोष्ट तिथेच राहिली.

ब्रिटिश मुलखात, म्हणजे आपल्या मुंबई प्रांतात, १९३९ ला फैजी समिती नेमली गेली. मध्यवर्ती ग्रंथालयापासून खेड्यापर्यंत साखळी कशी उभारायची, याचा आराखडा तिने दिला. मध्ये महायुद्ध आलं, स्वातंत्र्याच्या सुमारास त्यातलं थोडं अमलात आलं.

मग आला १९६७ चा महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायदा. स्वतंत्र ग्रंथालय संचालनालय त्यामुळेच मिळालं. मद्रासमध्ये उपकर होता, शेजारच्या कर्नाटकाने १९६५ च्या कायद्यात तो घेतला होता. आपण घेतला नाही. आपण लिहिलं की सरकारने दरवर्षी किमान २५ लाख रुपये ग्रंथालय निधीत टाकावेत. प्रत्यक्षात सरकार आज त्यापेक्षा खूप जास्त देतं, हे खरं. पण तो पैसा येतो अनुदान म्हणून. वाचनालय लोकांनी चालवायचं, सरकारने त्याला अ, ब, क, ड यातला वर्ग द्यायचा आणि वर्गाप्रमाणे मदत करायची.

माझ्या मते याचा फायदाही झाला. राज्यात अशी हजारो वाचनालयं आहेत, आणि सरकारी खात्याने ती कधी उभी केली असती असं मला वाटत नाही. पण उपकर दरवर्षी आपोआप जमा होतो आणि शहर वाढलं की वाढतो. अनुदान कुणीतरी वाढवावं लागतं. ते २०२२ अखेर ६० टक्के वाढलं, तोपर्यंत ग्रंथालयवाल्यांनी किती वर्षं मोर्चे काढले ते जुन्या बातम्यांत सापडेल.

हे सगळं वाचून मी जोशात आमच्या वाचनालयात गेलो. डोक्यात प्लॅन तयार! 'कोहा' नावाचं सॉफ्टवेअर आहे, २००० साली न्यूझीलंडमध्ये सुरू झालेलं, फुकट, ओपन सोर्स. ते बसवतो, पुस्तकांची यादी मोबाईलवर आणतो, तरुण मुलं आपोआप येतील. देवघेवीच्या खिडकीत त्याच काकू होत्या, माझ्या बारावीच्या वेळच्या. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "अरे, छानच आहे. पण भरणार कोण? मी एकटी आहे."

सर्व्हर, डोमेन, बॅकअप, सगळ्याचा विचार मी केला होता. माणसाचा नाही. काकूंना महिन्याला किती मिळतात तेही त्यांनी सांगितलं, अगदी सहज. माझ्या मोबाईलच्या हप्त्यापेक्षा जेमतेम जास्त. त्या रिटायर झाल्यावर या पगारात कोण येणार, हे कार्यकारिणीतल्या काकांनाही माहीत नाही. ते स्वतः पंचाहत्तरीला आलेत.

बाहेर आल्यावर आधी वर्गणी भरली. आजीव सभासद झालो. आणि आता शनिवारी सकाळी आम्ही तिघं जण दाखल नोंदवही घेऊन बसतो. काकू दाखल अंक आणि नाव वाचतात, आम्ही टाइप करतो. जुनी पानं पिवळी पडलीत, मोडी वळणाची अक्षरं लागत नाहीत, मग काकूच कपाटातून पुस्तक काढून दाखवतात. साधारण एकवीस हजार पुस्तकं आहेत. काल ३,८४० वर थांबलो.

चौथं कुणी डोंबिवली-कल्याण पट्ट्यातलं येणार असेल तर मेसेज करा. लॅपटॉप स्वतःचा आणा, तिथे प्लगपॉइंट दोनच आहेत.