तरण्या पावसाचा म्हातारा तारा

आपल्या बुलढाणा जिल्ह्यात जुलैची सर लागली, की घाटावर काय आणि घाटाखाली काय, लोक म्हणतात, 'पुनर्वसू लागला, तरणा पाऊस आला.' पुढचा पुष्याचा पाऊस तो म्हातारा. पण ज्याच्या नावाने हा तरणा पाऊस ओळखायचा, तो तारा स्वतः मात्र म्हातारा आहे!

तो जुलैत शोधू नका. सूर्य त्या नक्षत्रात असतो म्हणून तर पावसाला ते नाव. तारा उन्हात लपलेला. फेब्रुवारी-मार्चमध्ये जेवणे आटोपली की अंगणात या. माथ्यावर दोन तारे जोडीने दिसतील. त्यांतला जास्त तेजस्वी, किंचित नारिंगी, तो आपला. पाश्चात्य त्याला पोलक्स म्हणतात. अंतर ३४ प्रकाशवर्षे.

म्हातारा कसा? त्याच्या गाभ्यातला हायड्रोजन संपला आहे. गाभा आकसला, बाहेरचे थर फुगले आणि थंडावले; म्हणून नारिंगी रंग. रुंदी सूर्याच्या सुमारे ९ पट. नवल असे, की त्याचे वय सुमारे ७० कोटी वर्षे, तर आपल्या सूर्याचे ४६० कोटी. पण पोलक्सचे वस्तुमान सूर्याच्या जवळजवळ दुप्पट. मोठ्या वाड्याचा खर्चही मोठा. पुंजी लवकर सरली. आपल्या सूर्यावर ही पाळी यायला अजून सुमारे ५०० कोटी वर्षे आहेत.

या म्हाताऱ्याभोवती एक ग्रह फिरतो, असा संशय १९९३ मध्ये आला आणि २००६ मध्ये तो जाहीर झाला. वस्तुमान गुरूच्या निदान सव्वादोन पट, फेरी सुमारे ५९० दिवसांची. ग्रह कोणी पाहिला नाही. बाप पोराचे हात धरून त्याला गरगर फिरवतो तेव्हा स्वतःही थोडा हेलकावतो की नाही? ताऱ्याचा तसा हेलकावा त्याच्या प्रकाशातून मोजला, एवढेच.

आणि इथेच खरी मेख आहे. ताऱ्याच्या चुंबकीय क्षेत्राचा फेराही सुमारे ६६० दिवसांचा आहे, असे २०२१ मध्ये दिसले. मग हेलकावा ग्रहाचा, की ताऱ्याच्याच अंगचा? वर्गात एका विद्यार्थ्याने विचारले, "मग सर, ग्रह आहे की नाही?" मी म्हटले, "बहुधा आहे. 'बहुधा' हा शब्द गाळू नकोस."

आपल्याकडेही हे काम चालते. अहमदाबादच्या फिजिकल रिसर्च लॅबोरेटरीच्या शास्त्रज्ञांनी अबूच्या पहाडावरील १.२ मीटर व्यासाच्या दुर्बिणीने, उतरणीला लागलेल्या दुसऱ्या एका ताऱ्याजवळ गुरूएवढ्या जातीचा ग्रह टिपला. ही बातमी २०२१ ची. तो तारा ७२५ प्रकाशवर्षांवर आणि ग्रहाचे वर्ष अवघे ३.२ दिवसांचे! तिथे ग्रह ताऱ्यासमोरून जाताना प्रकाश मंदावतो. म्हणजे हेलकाव्याला दुसरा साक्षीदार मिळाला. पोलक्सच्या बाबतीत तो नाही.

त्याच विद्यार्थ्याने जाताना भीत भीत विचारले, "सर, या ग्रहामुळे आमच्या पावसाला काही होते का? घरी विचारतात." काही होत नाही. नक्षत्र हे शेतकऱ्याचे कॅलेंडर. सूर्य कुठे आला ते सांगणारे. पाऊस आणतात ते समुद्रावरचे वारे. पेरणीचे बियाणे ताऱ्याच्या भरवशावर टाकू नये, ओल पाहून टाकावे. ताऱ्याकडे पाहावे ते रात्री, निवांत. आणि जे कळले नाही, त्याला 'बहुधा' म्हणण्याची लाज बाळगू नये.