रानवाट आणि सायकल

सायकल हें वाहन आपल्याकडे आजवर शाळामास्तर, टपालवाले आणि दूधवाले यांचें मानलें गेलें. डांबरी सडक सोडून दगडधोंड्यांतून आणि झाडांच्या मुळांवरून, डोंगराच्या उतरणीवर सायकल हांकणें हा एक खेळ होऊं शकतो, असें पूर्वीं कोणी सांगितलें असतें तर आपण त्यास वेड्यांत काढलें असतें. आज तो खेळ जगभर मान्यता पावला आहे. रुंद खांचदार टायरांची आणि चढासाठीं हलके गिअर असलेली डोंगरी सायकल, म्हणजे 'माउंटन बाइक', आतां आपल्या तरुणांच्या हातीं आली आहे. आणि खानदेशांत ती ज्याच्या हातीं येते त्याची दृष्टि साहजिकच सातपुड्याकडे वळते. श्रोतेहो, या सायकलीनें रानांत कोठवर जावें आणि कोठें थांबावें, याविषयीं आज चार शब्द बोलावयाचे आहेत.

या खेळाचा जन्म अमेरिकेंतील कॅलिफोर्निया प्रांतांत, माउंट टॅमलपायस या डोंगरावर झाला. १९७० नंतरच्या दशकांत तेथील कांहीं तरुण जुन्या, जड सायकली माथ्यावर नेत आणि वणवा विझविण्याच्या सोयीसाठीं काढलेल्या कच्च्या रस्त्यांवरून भरधांव खालीं सोडीत. २१ ऑक्टोबर १९७६ रोजीं त्यांनीं पहिली शर्यत लावली. तिचें नांव 'रिपॅक'. उतरतांना मागच्या चाकांतला ब्रेक इतका तापे, कीं आंतलें वंगण जळून जाई आणि तें पुन्हां भरावें लागे. त्यावरून हें नांव पडलें. पुढें वीस वर्षांनीं, १९९६ च्या अटलांटा येथील ऑलिंपिक सामन्यांत या खेळास स्थान मिळालें. लक्षांत ठेवण्यासारखी गोष्ट ही, कीं त्याचा आरंभ आधींच असलेल्या रस्त्यावर झाला; त्यासाठीं कोणी रान तोडलें नव्हतें.

रानांतली वाट कशी काढावी याचें आतां शास्त्रच झालें आहे. वाटेचा खरा शत्रु पाणी. उतारावरून सरळ खालीं जाणारी वाट पावसाळ्यांत ओहोळ होते. माती वाहून जाते, मुळें उघडीं पडतात आणि शेवटीं खडक तेवढा उरतो. म्हणून जाणते लोक वाट टेकडीच्या अंगानें आडवी नेतात. वाटेचा चढ टेकडीच्या उताराच्या निम्म्याहून अधिक होऊं देत नाहींत, आणि सरासरीनें शंभर फुटांस दहा फूट याहून तो वाढूं देत नाहींत. वाट बाहेरच्या अंगास किंचित् कलती ठेवतात, व मधूनमधून तिला लहानशी बगल देऊन थोडी वर चढवितात, म्हणजे पाणी वाटेवरून न धांवतां आडवें निघून जातें. तापीकांठची काळी माती ओली असतां चाकाला अशी धरते, कीं सायकलच खांद्यावर घ्यावी लागते. शिवाय त्या वेळीं पडलेली चाकोरी वाळल्यावर तशीच राहते आणि पुढच्या पावसाचें पाणी तिच्यांतूनच वाहतें. सबब वाट सुकेपर्यंत तिच्यावर चाक नेऊं नये.

येथें कोणी विचारील, पायीं चालणारा रान तुडवीत नाहीं काय? तुडवितो. १९९४ सालीं प्रसिद्ध झालेल्या, मोंटाना प्रांतांतील एका प्रयोगांत तर असें आढळलें, कीं घोड्यांच्या टापांनीं आणि माणसांच्या पायांनीं चाकापेक्षां अधिक माती मोकळी केली. तेव्हां मातीपुरता सायकलीवरचा आरोप फारसा टिकत नाहीं. परंतु रान म्हणजे केवळ माती नव्हे.

सातपुड्याचें रान पानझडीचें. साग, सलई, धावडा, तिवस, खैर, मोह हीं त्यांतलीं झाडें. कोठें कोठें अंजन, ज्याचें लांकूड भारतांतील अत्यंत जड लांकडांत गणलें जातें. पिढ्यान् पिढ्यांच्या तोडीनंतर जुनें म्हणावें असें रान तुकड्यातुकड्यांनींच उरलें आहे. अशा रानांत उभें वठलेलें खोडही कामाचें असतें. त्याच्या ढोलींत पांखरें घरटीं करतात. पडलेल्या खोडाला वाळवी लागते आणि त्या वाळवीवर अस्वल पोट भरतें. खेळाडूला तेंच खोड उडी मारण्याची जागा वाटतें.

आतां मुक्ताईनगराकडे येऊं. पूर्वींचें एदलाबाद तें हेंच. नांव निघतांच कोथळी आणि मेहूण येथील मुक्ताबाईचीं मंदिरें आठवतात, चांगदेवचा तापी-पूर्णा संगम आठवतो. याच तालुक्यांत वाघ नांदतो, हें मात्र शहरांतील पुष्कळांस ठाऊक नसतें. वढोदा, डोलारखेडा, चारठाणा या बाजूचें रान २०१४ सालीं 'मुक्ताई-भवानी' या नांवानें संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून घोषित झालें. मेळघाट-अंबाबरव्याकडून पूर्णेच्या आश्रयानें येणाऱ्या वाघांची ही विसाव्याची जागा. रान आणि केळीच्या बागा एकमेकांस इतक्या लागून आहेत, कीं वाघाचा वावर बागांतूनही असतो. या क्षेत्राचा विस्तार सुमारें १२२ चौरस किलोमीटर. चौकोन कल्पिला तर त्याची एक बाजू अवघी अकरा किलोमीटर भरते. पायीं जाणारा सकाळभरांत यांतला एखादा कोपरा पाहून परततो. सायकलस्वार तेवढ्याच वेळांत सारें रान ओलांडून जाईल, आणि वाटेंतलें प्रत्येक जनावर बिथरवून जाईल.

दुसरी गोष्ट वेगाची आणि शांततेची. सायकल वाजत नाहीं, आणि वळणापलीकडे काय आहे हें स्वारास दिसत नाहीं. २०१६ च्या जूनमध्यें मोंटानांतच एक सायकलस्वार अशाच एका वळणावर अस्वलावर जाऊन आदळला आणि प्राणास मुकला. सातपुड्यांतलें अस्वल अचानक समोर आलेल्या माणसावर चालून जातें, हें रानांत वावरणाऱ्या प्रत्येकास माहीत आहे. मोह फुलतो त्या दिवसांत, पहांटे आणि तिन्हीसांजा, तें झाडाखालीं असतें. त्या वेळीं वाट त्याची समजावी.

अमेरिकेनें १९६४ च्या कायद्यानें आपल्या अस्पर्श रानांत यांत्रिक वाहनांस बंदी केली आणि सायकलही त्या बंदींत धरली. ज्या देशानें हा खेळ जन्मास घातला त्यानेंच कांहीं रानें त्याच्यापासून वगळलीं, हें आपण ध्यानांत घ्यावें. आपल्याकडे १९६९ पासून यावल अभयारण्य आहे. तेथें प्रवेशास परवानगी लागते, आणि राखीव वनांतही वन खात्यास विचारल्यावांचून जाणें योग्य नव्हे.

यावरून खेळ सोडावा असें मात्र माझें म्हणणें नाहीं. पायथ्याच्या गाडीवाटा आहेत, पाड्यांना जोडणारे कच्चे रस्ते आहेत, रावेर तालुक्यांतील पालकडे चढणारी सडक आहे. त्यांवर दम आणि कौशल्य यांची पुरेपूर परीक्षा होते. उन्हें वर आल्यावर निघावें आणि उतरण्यापूर्वीं परतावें. वळणावर घंटी वाजवावी. तिघाचौघांनीं मिळून जावें, आणि पावरा किंवा तडवी वाटाड्या सोबत घेऊन त्याची मजुरी चोख द्यावी. कोणत्या नाल्याशीं सकाळीं कोण पाणी पितें हें नकाशा सांगत नाहीं, तो सांगतो. जेथें गाडीवाट संपून दाट रान लागतें तेथें सायकल झाडाला टेकवावी, आणि परवानगी असेल तर पुढें पायीं, हलक्या पावलांनीं जावें.

नवी वाट एकदां पडली कीं ती मोडणें फार कठीण. आज एक जातो, उद्यां दहा जातात, आणि मागोमाग कुऱ्हाडही जाते. खानदेशांतील सायकलस्वारांनीं आरंभापासूनच ही मर्यादा आपण होऊन पाळली, तर पुढें ती कोणास त्यांच्यावर लादावी लागणार नाहीं.