भूक कमी करणारी औषधे आणि स्थूलतेचा उपचार
(रुग्णालयाच्या वार्षिक सभेत नवेगाव बांध येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपल्या या धानपट्ट्यात मुलांचे वजन भरत नाही म्हणून आपण चिंता करतो आणि त्याच घरांतील वडीलधारे वाढते वजन, मधुमेह व रक्तदाब घेऊन तपासणीस येतात. हल्ली त्यांतील काही जण विचारतात, "डॉक्टरसाहेब, भूकच लागणार नाही असे काही द्या ना." याचे उत्तर देण्यापूर्वी थोडा इतिहास सांगणे मी कर्तव्य समजतो.

हृदयाच्या झडपांना इजा होते असे आढळल्याने फेनफ्लुरामीन १९९७ मध्ये अमेरिकेत मागे घेतले गेले. नैराश्याच्या धोक्यामुळे रिमोनाबंटवर २००९ मध्ये भारतात बंदी आली. सिबुट्रामीनची सुमारे १०,००० रुग्णांवर पाहणी झाली. ज्यांना आधीच हृदयविकार होता, त्यांच्यात हृदयविकाराचा झटका व पक्षाघात यांचे प्रमाण वाढलेले दिसले. २०११ मध्ये तेही आपल्याकडे बंद झाले. हे औषध मी स्वतः लिहून दिले होते. त्या रुग्णांना पुन्हा बोलावून तपासताना त्यांच्या नजरेला नजर देणे मला जड गेले.

सेमाग्लुटाइडसारखी आजची इंजेक्शने निराळ्या मार्गाने काम करतात. ती मेंदूतील तृप्तीची जाणीव वाढवितात आणि जठर सावकाश रिकामे होऊ देतात. एका मोठ्या अभ्यासात ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्के वजन घटले. हा लाभ खरा आहे. परंतु मळमळ, उलट्या, पित्ताशयातील खडे आणि क्वचित स्वादुपिंडाचा दाह हे त्रासही खरे आहेत. शिवाय, औषध थांबविल्यावर वर्षभरात घटलेल्या वजनाचा सुमारे दोन तृतीयांश भाग परत आला.

कोलू पाटील कोहळी यांनी हा तलाव बांधला, अशी परंपरा आहे. पाळ एकदा घातली म्हणून काम संपत नाही. तिची निगा दरवर्षी राखावी लागते. स्थूलतेचेही तसेच आहे.

म्हणून आप्तजनांस विनंती की, शेजाऱ्याच्या चिठ्ठीवर औषध आणू नये आणि स्थूल माणसाला आळशी म्हणून हिणवू नये. देणगीदारांस विनंती की, आपल्या दानातून केवळ औषधे न येता आहारसल्ला, नियमित तपासणी आणि रुग्ण वर्षभर परत येत राहील अशी व्यवस्था उभी राहावी. भूक मारणे हा आपला हेतू नाही. माणूस निरोगी राहावा, हा आहे.