घोडे बदलण्याचं गाव
(माजी विद्यार्थी स्नेहसंमेलनात केलेलं भाषण)



आपल्या गावाच्या नावाची गोष्ट आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकली आहे. या वाटेनं जाणारे स्वार इथं थांबायचे, दमलेले घोडे बदलायचे आणि पुढं निघायचे, म्हणून हे बदलापूर. खरं-खोटं इतिहासकार जाणोत. मला आज बोलायचंय ते मात्र घोडे बदलण्याबद्दलच. म्हणजे जुन्या गाडीत नवं इंजिन बसवण्याबद्दल.

आमची फियाट काही जणांना आठवत असेल. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली प्रीमियर पद्मिनी. २६ जुलै २००५ ला उल्हास नदी गावात शिरली तेव्हा ती बॉनेटच्या वरपर्यंत बुडाली. इंजिनात गाळ गेला, पिस्टन जाम झाले. मग ती वर्षानुवर्षं ताडपत्रीखाली उभी राहिली. दोन वर्षांपूर्वी बाबा म्हणाले, "मला ती एकदा चालवायचीय." बाबा तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते.

मी कामाला लागले. पद्मिनीचं इंजिन १०८९ सीसीचं, ताकद सुमारे ४० अश्वशक्ती. मारुती जिप्सी किंगचं १.३ लिटरचं एमपीएफआय इंजिनही चार सिलिंडरचंच, पण ताकद ८०. जिप्सीच का? आजच्या बहुतेक छोट्या गाड्यांत इंजिन आडवं असतं आणि पुढची चाकं फिरवतं. पद्मिनीत ते उभं असतं आणि मागची चाकं फिरवतं. जिप्सीचंही उभंच.

असा बदल कंपन्यांनीही केलाय. १९८५ साली प्रीमियरनं ११८ एनई आणली. तिचा सांगाडा इटलीच्या फियाट १२४ चा आणि इंजिन जपानच्या निसानचं. पुढं २०१६ मध्ये उलटं झालं. फियाट १२४ स्पायडर ही उघड्या टपाची दोन सीटची गाडी जपानमध्ये, माझदाच्या हिरोशिमातल्या कारखान्यात तयार होऊ लागली, आणि तिच्यात इंजिन बसलं फियाटचं.

इंजिन उचलून आत ठेवणं हे त्यातलं सोपं काम. बाकीचं अवघड. कार्ब्युरेटर पेट्रोल ओढून घेतो, त्याला साधा पंप पुरतो. इंजेक्टरला पेट्रोल दाबानं लागतं, सुमारे तीन बार. त्यासाठी विजेवरचा पंप हवा, दाब सोसणाऱ्या नळ्या हव्यात. इंजिनाचा संगणक क्रँक कुठं आहे, पाणी किती तापलंय, हवा किती येतेय, हे सेन्सरना विचारून पेट्रोल किती सोडायचं ते ठरवतो. एक वायर तुटली तरी त्याचं गणित चुकतं. ताकद दुप्पट झाली की जुने ड्रम ब्रेक अपुरे पडतात. मी नोकरीत जुन्या संगणक प्रणाली नव्या यंत्रांवर हलवते. तिथंही हेच. नवं यंत्र आठवड्यात येतं, जोडण्या जुळवण्यात वर्ष जातं.

शिवाय कायदा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे निर्मात्यानं दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये तेच ठामपणे सांगितलं. इंजिनाचा नंबर आरसी बुकात असतो, हे आपण विसरतो.

तरी मी सगळी यादी करून बाबांपुढं ठेवली. त्यांनी ती शेवटपर्यंत वाचली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. जिप्सीच्या गिअरबॉक्सचा दांडा खालून, जमिनीतून वर येतो. पद्मिनीचा गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला. म्हणजे तळाचा पत्रा कापायचा आणि पुढची सलग सीट काढायची. त्याच सीटवर आम्ही दोघी बहिणी, आई आणि बाबा असे चौघं बसून कल्याणला जायचो.

बाबांनी विचारलं, "मग माझी गाडी त्यात किती उरेल?"

या प्रश्नाचं उत्तर कुठल्याच मॅन्युअलमध्ये नव्हतं. मी यादी घडी करून ठेवली. जुनंच इंजिन उघडलं. ब्लॉक बोअरिंगला दिला, पिस्टन-रिंगा नव्या घातल्या, क्रँक घासून घेतला, हेड सपाट करून घेतलं. सुटे भाग कुर्ल्याला सीएसटी रोडवर हिंडून गोळा केले. अकरा महिने लागले. नव्या इंजिनाला कदाचित एवढेच लागले असते.

नवं इंजिन बसवणाऱ्यांना मी नावं ठेवणार नाही. गाडी रोज पळवायची असेल आणि कागदपत्रं रीतसर होत असतील, तर तेही शहाणपणाचं आहे. फक्त पत्र्यावर कटर चालवण्याआधी काय ठेवायचंय ते ठरवा, आणि ते गाडी ज्याची आहे त्याला विचारा.

गेल्या दिवाळीत बाबांनी ती उल्हासच्या पुलापर्यंत चालवली. वेग ताशी तीस. मागून हॉर्न वाजत होते. बाबांनी दुसऱ्याचा तिसरा गिअरसुद्धा टाकला नाही, म्हणाले, "घाई कुणाला आहे?"

गाडी आज बाहेर उभी आहे. जेवणाच्या सुट्टीत या, बॉनेट उघडून दाखवते.