कारखाना पाहणे

मोटारींचे कारखाने पाहून शहाणे होण्याची प्रथा मोटारींच्या उद्योगाइतकीच जुनी आहे. चमत्कारिक वाटेल, पण तिच्या मुळाशी एक खाटीकखाना आहे. हेन्री फोर्ड यांच्या कारखान्यातील विल्यम क्लान यांनी शिकागो येथील स्विफ्ट कंपनीचा खाटीकखाना पाहिला. तेथे जनावराचे धड वरच्या साखळीला टांगलेले असे. ते पुढे सरकत जाई आणि जागच्या जागी उभा असलेला प्रत्येक कामगार त्याचा आपला ठरलेला भाग तेवढा कापून घेई. सबंध वस्तू अशा रीतीने सुटी करता येत असेल, तर सुटे भाग याच रीतीने जोडता का येऊ नयेत, हा प्रश्न घेऊन क्लान परतले. १९१३ साली हायलंड पार्क येथे सरकत्या जुळणीचे प्रयोग झाले. मोटारीच्या सांगाड्याच्या जुळणीला पूर्वी सुमारे साडेबारा तास लागत. पुढच्या वर्षी ते काम ९३ मिनिटांवर आले. याचे सारे श्रेय त्या एका भेटीला देता येणार नाही. त्या कारखान्यात अनेक डोकी त्याच दिशेने चालली होती. तथापि दुसऱ्याच्या घरी पाहिलेली गोष्ट उलटी फिरवून आपल्या घरी कशी आणावी, याचे इतके ठळक उदाहरण विरळाच.

या रीतीची एक किंमत होती, आणि ती चौदा वर्षांनी चुकवावी लागली. फोर्ड यांची सारी यंत्रसामग्री एकाच प्रकारच्या मोटारीला जखडलेली होती. १९२७ च्या मे महिन्यात ‘मॉडेल टी’ची दीड कोटीवी गाडी बाहेर पडली आणि तिचे उत्पादन थांबले. नवे ‘मॉडेल ए’ लोकांपुढे आले ते त्याच वर्षीच्या डिसेंबरात. मधले सहा महिने जगातील सर्वांत मोठा मोटारउद्योग जवळजवळ ठप्प होता, कामगार घरी बसले होते आणि यंत्रे बदलली जात होती. पुष्कळ माल वेगाने काढणारा कारखाना आणि मालाचा प्रकार सहज बदलू शकणारा कारखाना या दोन निरनिराळ्या वस्तू आहेत, हे त्या वेळी प्रथम उघड झाले.

१९५० च्या उन्हाळ्यात याच फोर्ड कंपनीच्या रूज येथील प्रचंड कारखान्यात एक जपानी पाहुणे आले. त्यांचे नाव ईजी टोयोदा, वय ३६. मागे ठेवून आलेल्या घराची अवस्था मोठी बिकट होती. टोयोटा कंपनी दिवाळखोरीच्या काठावर उभी होती. कामगारकपातीवरून संप झाला होता, आणि कंपनीचे संस्थापक, ईजींचे चुलतबंधू किइचिरो यांनी त्या प्रकरणाची जबाबदारी घेऊन अध्यक्षपद सोडले होते. फोर्डशी सहकार्याचा करार करण्याची बोलणी चालली होती. तेवढ्यात कोरियाचे युद्ध सुरू झाले आणि ती फिसकटली. उरली ती केवळ पाहण्याची आणि शिकण्याची परवानगी. फोर्डचे उत्पादन दिवसाला ८,००० गाड्यांचे आणि आपले ४० गाड्यांचे, असा हिशेब ईजींनी पुढे आपल्या आठवणींत नमूद केला आहे.

असा पाहुणा साधारणतः दोहोंपैकी एक गोष्ट करतो: दिपून जातो, किंवा घरी परतून तेच लहान प्रमाणावर उभे करण्याचा घाट घालतो. ईजींनी यांपैकी काहीच केले नाही. त्यांनी फोर्डच्या कारखान्यातून उचलली ती एक अगदी साधी, खर्चाची नसलेली गोष्ट. कामगारांकडून सुधारणांच्या सूचना मागवण्याची पद्धत त्यांना तेथे दिसली, आणि १९५१ साली टोयोटात ती सुरू झाली. उत्पादनाच्या रीतीबद्दल मात्र त्यांचे आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे मत निराळे पडले. जपानची बाजारपेठ लहान, त्यातही मागणी नाना प्रकारच्या गाड्यांची. एकेका भागासाठी एकेक दाबयंत्र वर्षानुवर्षे राबवणे अमेरिकेला परवडत होते. टोयोटाजवळ मोजकीच यंत्रे होती आणि तीच सर्व कामांना पुरवायची होती. ज्याला आपण आज लवचीक उत्पादन म्हणून गौरवितो, ते अशा रीतीने दारिद्र्यातून जन्मले.

ही पद्धत घडविणारे ताइइची ओहनो १९५६ साली अमेरिकेला गेले. मोटारींचे कारखाने तर त्यांनी पाहिलेच. परंतु त्यांचे खरे कुतूहल तेथील मोठ्या किराणा दुकानांविषयी होते, ज्यांना ‘सुपरमार्केट’ म्हणतात. गिऱ्हाईक फळीवरून हवी ती वस्तू हवी तेवढी उचलते आणि रिकामी झालेली जागा दुकानदार भरून काढतो. म्हणजे मालाची हालचाल मागणाऱ्याकडून सुरू होते, पुरवणाऱ्याकडून नव्हे. कारखान्यातील पुढचा विभाग हे गिऱ्हाईक आणि मागचा विभाग हा दुकानदार, असे मानले की झाले! ही कल्पना ओहनोंच्या मनात प्रवासापूर्वीच घोळत होती आणि तिचे प्रयोगही चालू होते. अमेरिकेत त्यांनी ती डोळ्यांनी पाहिली, इतकेच. आधी प्रश्न मनात असावा लागतो, मग उत्तर भलत्या ठिकाणीही सापडते. मोटारींच्या कारखान्याचे उत्तर वाण्याच्या दुकानात सापडावे, याचे त्यामुळेच नवल वाटू नये.

लवचीकपणाची खरी परीक्षा साचे बदलण्याच्या वेळी होते. पत्र्याला दरवाजाचा आकार देणाऱ्या दाबयंत्रातून छपराचा भाग काढायचा असेल, तर कित्येक मणांचा साचा उतरवून दुसरा चढवावा लागतो. १९६९ साली टोयोटातील एका १,००० टनी दाबयंत्रावर या कामाला चार तास लागत. जर्मनीत फोक्सवॅगन हेच काम दोन तासांत करते, असे कळल्यावर वरिष्ठांनी तिला मागे टाकण्याची आज्ञा दिली. शिगेओ शिंगो यांनी सहा महिन्यांत ते दीड तासावर आणले. लगेच दुसरी आज्ञा आली: तीन मिनिटांत करा! तेही पुढच्या तीन महिन्यांत साधले, आणि त्यासाठी कोणतेही अद्भुत यंत्र आणावे लागले नाही. शिंगोंनी कामाचे दोन वाटे केले. यंत्र थांबल्यावाचून जे होत नाही ते एक, आणि यंत्र चालू असतानाही जे उरकता येते ते दुसरे. आपल्याकडील लग्नघरातला अनुभवी माणूस पहिली पंगत जेवत असतानाच दुसऱ्या पंगतीची पाने पुसून, वाढण्याची भांडी भरून ठेवतो. पंगत उठल्यावर पाण्याचे तांबे शोधू लागणाऱ्या यजमानाची जी धांदल उडते, तीच त्या चार तासांत चालत होती.

स्वयंचलनाविषयीही या लोकांची कल्पना वेगळी होती, आणि तिचे मूळ मागात होते. ईजींचे चुलते साकिची टोयोदा यांनी १९२४ साली पूर्ण केलेला स्वयंचलित माग ताण्याचा धागा तुटताच आपोआप थांबे. मुंबईच्या गिरणगावात ज्यांच्या दोन-दोन पिढ्या मागावर उभ्या राहिल्या, त्यांना या गुणाची थोरवी समजावून सांगण्याचे कारण नाही. यंत्र स्वतः थांबत असेल तर त्याच्यापाशी माणसाने पहारा करण्याची गरज उरत नाही, आणि वाईट कापडही विणले जात नाही. याउलट अमेरिकेत ‘ऑटोमेशन’ हा शब्द रूढ झाला तो फोर्डचे अधिकारी डेलमर हार्डर यांच्यामुळे, आणि त्याचा भर एका यंत्राकडून दुसऱ्या यंत्राकडे माल आपोआप नेण्यावर होता. एकाने चालणे स्वयंचलित केले, दुसऱ्याने थांबणे. पुढचा बराचसा इतिहास या फरकात आहे.

यंत्रमानवाची कथाही अशीच प्रवासाची. पहिला औद्योगिक यंत्रमानव ‘युनिमेट’ १९६१ साली जनरल मोटर्सच्या न्यू जर्सीतील कारखान्यात तापलेले ओतीव भाग उचलू लागला. त्याचे पुरस्कर्ते जोसेफ एंगलबर्गर यांना स्वदेशात फारसे ऐकून घेणारे मिळत नव्हते. १९६७ साली ते टोकियोत बोलावयास उभे राहिले, तेव्हा समोर शेकडो अभियंते आणि उद्योगपती बसले होते. पुढल्याच वर्षी कावासाकी कंपनीने ते यंत्र बनविण्याचा परवाना घेतला.

भारतही या प्रवासापासून अलिप्त नव्हता. १९५६ साली डॉ. विक्रम साराभाई यांच्या नेतृत्वाखाली एक भारतीय उत्पादकता शिष्टमंडळ जपानला गेले, आणि १९५८ साली आपल्याकडे राष्ट्रीय उत्पादकता परिषद स्थापन झाली. मारुतीची पहिली गाडी १९८३ च्या डिसेंबरात बाहेर पडली. त्या उद्योगातील कामगारांना आणि अभियंत्यांना सुझुकीच्या जपानमधील कारखान्यांत शिकण्यासाठी पाठविण्यात आले. पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या कारखान्यांतून आज यंत्रमानव सांधकाम करताना दिसतात, आणि अभियांत्रिकीचे विद्यार्थी पिवळ्या रेघांच्या आतून चालत ते पाहून येतात. त्या रेघांच्या आतून किती दिसते, हा प्रश्न मात्र राहतोच.

तो प्रश्न सर्वांत तीव्रतेने पुढे आला कॅलिफोर्नियातील फ्रीमाँट येथे. जनरल मोटर्सने तेथील आपला कारखाना १९८२ साली बंद केला होता. गैरहजेरी इतकी, की कोणत्याही दिवशी पाच कामगारांतील एक तरी कामावर नसे. १९८४ साली टोयोटा आणि जनरल मोटर्स यांनी मिळून तोच कारखाना ‘नम्मी’ या नावाने पुन्हा चालू केला, आणि कामगारही बहुतांशी तेच, त्याच संघटनेचे घेतले. त्यांच्यापैकी गटप्रमुख म्हणून निवडलेल्या चारशेहून अधिक जणांना तीन-तीन आठवड्यांसाठी जपानला पाठविले. तेथे त्यांनी जे पाहिले ते विस्मयकारक होते. अडचण आली की कोणताही कामगार डोक्यावरची दोरी ओढी, आणि धावून आलेला प्रमुख दोष कोणाचा असे न विचारता काय अडले असे विचारी. जुन्या फ्रीमाँटमध्ये जुळणीची रांग थांबविणे हा मोठा अपराध होता.

दोनच वर्षांत गैरहजेरी शेकडा तीन-चारवर आली. मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रविद्यापीठाच्या संशोधकांनी एका मोटारीच्या जुळणीला लागणारे श्रम मोजले. जनरल मोटर्सच्या फ्रेमिंगहॅम कारखान्यात ३१ तास, टोयोटाच्या ताकाओका येथे १६, आणि फ्रीमाँट येथे १९. माणसे तीच, देशही तोच.

मग जनरल मोटर्सचे व्यवस्थापक फ्रीमाँट पाहायला लोटले. कारखान्याचा इंच न् इंच छायाचित्रांत टिपून आणा, म्हणजे हुबेहूब तसाच उभारू, अशी आज्ञा एका अधिकाऱ्याने दिल्याचे सांगतात. छायाचित्रात दोरी येते. ती ओढताना कामगाराच्या मनात भीती का नाही, ते येत नाही. १९८८ च्या सुमारास नम्मीच्या गाड्यांचा खप घसरला आणि कारखाना अर्ध्याअधिक शक्तीनेच चालू लागला, तरी करारात दिलेल्या शब्दाला जागून कोणालाही काढले नाही. रिकाम्या हातांना शिक्षण दिले. दोरीचे बळ या शब्दात होते. त्याच काळात जनरल मोटर्सने डेट्रॉइटजवळ हॅमट्रॅमक येथे नवा कारखाना उभारला व अडीचशेहून अधिक यंत्रमानव त्यात बसविले. रंग देणारे यंत्रमानव गाडीऐवजी एकमेकांनाच रंगवीत, असे त्या वेळच्या वृत्तपत्रांत छापून आले.

गंमत अशी की जपान्यांनाही हा मोह टळला नाही. टोयोटाने १९९१ साली ताहारा येथे अत्यंत स्वयंचलित अशी जुळणीची रांग घातली. ती महाग आणि अवघड ठरली, आणि पुढच्याच वर्षी क्युशू येथील कारखान्यात यंत्रांचे प्रमाण जाणूनबुजून उतरविले. नम्मी २०१० च्या एप्रिलमध्ये बंद झाला आणि फ्रीमाँटची ती वास्तू टेस्ला या कंपनीने विकत घेतली. तिच्या ‘मॉडेल ३’ या विजेच्या मोटारीसाठी तेथे वाहकपट्ट्यांचे गुंतागुंतीचे जाळे उभारले गेले. ते जमेना तेव्हा काढून टाकण्यात आले, आणि अतिस्वयंचलन ही चूक झाली, अशी कबुली कंपनीचे प्रमुख ईलॉन मस्क यांनी २०१८ साली दिली. त्या जूनमध्ये कारखान्याच्या आवारात एक भला मोठा तंबू ठोकला गेला, आणि त्याच्या आत माणसे हातांनी मोटारी जोडू लागली.